वरच्या फळीवरचं रीळ

लीलाताई गांगुर्डे यांचं नाव कुणी काढलं की मी घाईघाईनं चहा सांगायचो. चहा येईपर्यंत विषय बदलता येतो. वर्षानुवर्षं मी तो बदलत आलो. कुणी विचारायचं, "वसंतराव, त्या काळातल्या तुमच्या कॅसेटींचा आवाज इतका भरदार कसा यायचा हो?" मी हसून म्हणायचो, "जुनी यंत्रं, जुने कान." लोकांना हे उत्तर आवडायचं. पण ते कान एकाच माणसाचे होते आणि ते माझे नव्हते.

मध्यंतरी एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि नाशिकमध्ये ध्वनिमुद्रणाला वळण लावणारे म्हणून भाषणं. मी उठून आभार मानले. सभागृहात ताईंना ओळखणारी दोन-चार माणसं तरी बसली असतील. त्यांच्यापैकी कुणी उठून विचारलं असतं तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. कदाचित त्यांनाही चहाच सांगितला असता.

आता ताई नाहीत. माझी ऐंशी उलटली आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, आता कशाला उकरून काढता? तुमचंच नाव खराब होईल." होऊ दे. ते नाव ज्या आवाजावर उभं राहिलं तो आवाज ताईंचा होता. ज्या एका गोष्टीसाठी लोक ताईंना दोष देत आले, ती ताईंनी केलेली नव्हती. हे दोन्ही मला माझ्या हातानं लिहायचं आहे. नंतर कुणाला माझं तोंड बघायचं नसेल तर न बघो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भद्रकालीत एका पीठगिरणीच्या वरच्या मजल्यावर माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणायचं एवढंच. एक मोठी खोली, तिला काच लावून पाडलेली एक लहान खोली, आणि भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून ठोकलेली बारदानं. बारदानं विंचूरच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडून आणली होती. कितीही झटकली तरी वास जाईना. भावगीत गायला आलेल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्यांच्या यजमानांना वाटायचं, गाण्यात काय जीव ओतते आहे आपली बायको! खालची गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची. म्हणून गिरणीवाल्याचं दळण संपलं की आमचं काम सुरू व्हायचं.

लीलाताई तिथं पहिल्यांदा आल्या त्या नोकरी मागायला नव्हे, तक्रार करायला. सुती पातळ, पायांत रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून आमचीच एक कॅसेट काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"ही तुमची?"

"हो. का?"

"यातली बाई विहिरीत उभी राहून गाते का?"

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"आयटीआयला रेडिओ मेकॅनिकचा कोर्स केलाय. वर्गात मी एकटीच मुलगी होते, त्यामुळं कुणी बोलायला नव्हतं. ऐकायला भरपूर वेळ मिळाला." मग खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "माइक त्या कोपऱ्यातून काढा. आणि गाणारीला कांदा चिरायला बसवल्यासारखं भिंतीकडं तोंड करून उभी करू नका."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि कामालाच लागल्या. या म्हणून मी सांगितल्याचं मला आठवत नाही.

ताई नाशिकमधल्याच एका कॉलनीत राहायच्या. वडील शाळामास्तर होते, ते वारले होते. घरी आई. कॉलनीतल्या बुद्धविहारात जयंतीला होणाऱ्या जलशांची गाणी ऐकत त्या वाढल्या होत्या. गाणं त्यांना येत नव्हतं. "मला एक सूरही लावता येत नाही," असं त्या अभिमानानं सांगायच्या, "म्हणूनच गाणाऱ्याचा मत्सर वाटत नाही."

आता त्यांच्या पेटीबद्दल. ही पेटी म्हणजे बाजाची पेटी नव्हे. गाणारा माणूस काही एकाच उंचीवर गात नाही. तो ओरडतो, कुजबुजतो, माइकजवळ येतो, लांब जातो. टेपला मात्र मर्यादा असते. फार जोराचा आवाज आला की तो फाटतो, फार हळू आला की टेपच्या खरखरीत बुडून जातो. म्हणून मी काचेमागं बसून बटण धरून ठेवायचो आणि आवाज चढला की कमी करायचो. पण माझा हात नेहमी उशिरा जायचा. हेच काम आपोआप करणारं एक यंत्र असतं, त्याला कॉम्प्रेसर म्हणतात. आवाज चढला की ते त्याला दाबतं, उतरला की सोडून देतं. परदेशी बनावटीचं असं यंत्र घेणं आम्हाला स्वप्नातही जमलं नसतं. ताई म्हणाल्या, "आपण करू."

तेव्हा घराघरांतले व्हॉल्व्हचे मोठे रेडिओ माळ्यावर जात होते आणि ट्रान्झिस्टर येत होते. चित्रपटगृहांतले जुने अँप्लिफायर भंगारात निघत होते. ताई भंगारवाल्याकडं जाऊन पोत्यात हात घालायच्या आणि काचेचे व्हॉल्व्ह अंड्यांसारखे निवडायच्या. स्टिरिओसाठी दोन बाजू लागतात, डावी आणि उजवी. प्रत्येक बाजूत व्हॉल्व्हची एक जोडी, आणि जोडीतले दोन्ही अगदी सारखे वागणारे हवेत. एक लवकर तापला आणि दुसरा उशिरा, तर आवाज वाकडा होतो. आठवडेच्या आठवडे त्या व्हॉल्व्ह तपासत बसल्या. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "काय ताई, अजून पत्रिका जुळत नाहीत का?"

"माझ्यासाठी कुणी एवढी खटपट केली असती तर आज मला चार मुलं असती," त्या म्हणाल्या. "थांबा, हा मुलगा चांगला आहे, पण जरा रागीट आहे."

शेवटी पेटी तयार झाली. गोदरेजच्या कपाटाला असतो तसल्या करड्या रंगाचा पत्रा, दोन्ही कडांना उचलायच्या मुठी, पुढं चार बटणं आणि दोन काटे. आत नारिंगी उजेड. वजन एवढं की एकट्यानं उचलली तर पाठ धरायची. दोन्ही बाजू एका वायरनं आतून बांधलेल्या होत्या. त्याचं कारण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डावीकडं ढोलकी जोरात वाजली आणि डावीच बाजू दबली, तर मधे उभा असलेला गाणारा ऐकणाऱ्याला उजवीकडं सरकल्यासारखा वाटतो. दोन बैल एका जुवाखाली. बसले तर दोघं बसतील, उठले तर दोघं."

पेटी नीट तापल्याशिवाय त्या कुणाला गाऊ देत नसत. तेवढ्या वेळात गाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. गाव कुठलं, पाऊस कसा झाला, मुलगी कितवीला. मला आधी वाटायचं, बाई बोलघेवडी आहे. मग लक्षात आलं, त्या उत्तर ऐकतच नसत. माणूस बोलताना कुठं चढतो, कुठं उतरतो, एवढंच ऐकत असत. गाणारा माइकपुढं उभा राहीपर्यंत बटणं लागलेली असायची.

"काटा नाचला पाहिजे, लोळता कामा नये," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. काटा जास्त खाली गेला म्हणजे यंत्र जास्त दाबतंय. त्यांचा काटा आवाजाबरोबर जरा झुकायचा आणि लगेच उभा राहायचा, नमस्कार करून पुढं जाणाऱ्या माणसासारखा. दुसरं वाक्य होतं, "ऐकणाऱ्याला पेटी ऐकू आली तर पेटी बंद करा."

एकदा एक कीर्तनकार बुवा अभंग मुद्रित करायला आले. बरोबर टाळकरी, बाजाची पेटी वाजवणारा, आणि पाण्याचा स्वतंत्र तांब्या. ताई माइक लावायला पुढं झाल्या, मग वायर जोडायला काचेमागं गेल्या, तेव्हा बुवांनी मला बाजूला घेऊन ताईंचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. बुवा घसा खाकरून म्हणाले, "तसं काही नाही हो, पण माइक तुम्हीच लावा. अभंग आहेत."

हे बोलणं त्यांना वाटलं तितकं बाजूला झालं नव्हतं. माइक उघडा होता. काचेमागून ताईंचा आवाज आला, "वसंतराव, लावा तुम्ही माइक. बुवा, मी माइकला हात लावत नाही. पण तुमचा आवाज पुढं माझ्या पेटीतून जाणार आहे. पेटी मी बांधली आहे, आतली प्रत्येक तार माझ्या हातची आहे. उपटू का वायर?"

टाळकऱ्यांपैकी एकाला हसू आवरेना, त्यानं टाळ तोंडासमोर धरले. बुवांनी आपल्या तांब्यातून घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "राहू द्या. चालू करा."

ताईंनी त्यांचं ध्वनिमुद्रण नेहमीइतकंच चोख केलं. नंतर मी म्हणालो, "जरा खराब केलं असतं तर काय बिघडलं असतं? चांगली अद्दल घडली असती."

त्या माझ्यावरच चिडल्या. "त्यानं माझ्याशी जे केलं ते मी अभंगाशी करू?"

हे वाक्य तेव्हा मी नीट ऐकलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

नांदगावकडचे एक शाहीर होते, दौलतबाबा. साऱ्या जिल्ह्यात त्यांचा जलसा गाजलेला. ते कधी स्टुडिओत आले नव्हते. "यंत्रात गायला मी काय भूत हाय?" म्हणायचे. ते एके दिवशी पुतण्याला, उत्तमला, घेऊन जिना चढून आले. उत्तम नाशिकला एका कचेरीत कारकून होता आणि ताईंच्याच कॉलनीत राहायचा. बाबा ताईंसमोर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बाई, डागदर गळा कापनार हाय. जगंल म्हनतो. पन आवाज नाय राहायचा."

ताईंनी हातातला व्हॉल्व्ह खाली ठेवला.

"लोक म्हनत्यात, तुमी आवाज लय जपून ठेवता. तेवढा ठेवा माझा."

ताईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "नवं रीळ हवं. वापरलेलं नाही."

आमच्याकडं तेव्हा चांगल्या टेपची टंचाई असायची. त्यामुळं एक पद्धत पडली होती. ध्वनिमुद्रण झालं, कंपनीला त्याची नक्कल गेली, की मूळ रीळ पुसून पुन्हा वापरायचं. त्यासाठी भिंतीवर दोन फळ्या होत्या. खालच्या फळीवरचं रीळ कुणीही उचलून पुसावं. वरच्या फळीवरच्या रिळाला हात लावायचा नाही. काय कुठं जाणार हे ताई ठरवायच्या. वरच्या फळीवर फारसं काही नसायचंच.

बाबा गायले. दुपारची वेळ होती, गिरणी बंद ठेवायला मी खाली सांगून आलो होतो. ढोलकी, तुणतुणं, मागं धरायला दोघं. बाबांचा आवाज म्हणजे फड जागा करणारा. पण शेवटच्या गाण्यात ते एक वेगळी गोष्ट करायचे. गाणं त्यांच्या आईवर होतं. गावच्या पाणवठ्यावर पहिल्यांदा ओंजळ भरून पाणी पिणाऱ्या आईवर. कडव्यामागून कडवं आवाज चढत जायचा, ढोलकी तापत जायची, आणि मग सगळं एकदम थांबायचं. बाबा माइकच्या अगदी जवळ येऊन, जवळजवळ श्वासानंच म्हणायचे,

"पाणी तेच होतं गं माय, आज गोड का लागलं?"

जलशात या ओळीला हजार माणसं गप्प व्हायची असं मी ऐकलं होतं. त्या दिवशी ऐकायला काचेमागं ताई, उत्तम आणि मी, असे तिघंच होतो. चढत्या कडव्यांना पेटीचे काटे ताईंच्या पद्धतीनं झुकत होते आणि उठत होते. त्या ओळीपाशी ते सरळ उभे राहिले, हलले नाहीत. ताई पुटपुटल्या, "इथं पेटीचं काही काम नाही."

ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले, "ह्यो मीच हाय का?"

"तुम्हीच."

"मंग कापू दे डागदरला."

उत्तम आणि साथीदार रिक्षा बघायला खाली उतरले, तेव्हा ताईंनी ते रीळ बाबांच्या देखत स्वतः वरच्या फळीवर ठेवलं.

ही गाणी कॅसेटवर काढायला मुंबईच्या एका कंपनीनं माणूस पाठवला. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "अच्छा है. लेकिन आवाज उछलना चाहिए. रिक्षा में बजना चाहिए. दबा के भेजो."

ताई म्हणाल्या, "रिक्षात वाजायला हॉर्न आहे."

"मॅडम, बीच में एक लाइन तो सुनाई ही नहीं देती."

"ती ऐकायला थांबावं लागतं. तुमच्या रिक्षावाल्याला सांगा, थांब."

तो माणूस माझ्याकडं बघून हसला आणि जिना उतरताना म्हणाला, "शेठ, आप देख लेना." पुढची सगळी कामं आम्हालाच देण्याची गोष्टही त्यानं त्याच जिन्यावर काढली.

पुढच्या आठवड्यात ताई मावसबहिणीच्या लग्नाला कळवणला गेल्या. मी वरच्या फळीवरून रीळ काढलं, पेटी तापू दिली, आणि दाबायचं बटण शेवटापर्यंत फिरवून कंपनीसाठी नक्कल काढली. दोन्ही काटे खाली जाऊन पडले ते पडलेच. खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडला. जोरदार वाटला. नुसता जोर ऐकला की कच्च्या कानाला तो चांगलाच वाटतो.

एवढंच केलं असतं तर मूळ रीळ तरी राहिलं असतं. त्याच दुपारी मेन रोडवरच्या एका साडीवाल्याचा माणूस आला. सेल लागला होता, रिक्षावर भोंगा लावून फिरवायची जाहिरात लगेच हवी होती. खालच्या फळीवर एकही रीळ नव्हतं. जे मशीनवर होतं तेच मी मागं फिरवलं. नक्कल तर गेली आहे, पद्धत तर तीच आहे, असं मी स्वतःला म्हणालो. आणि दौलतबाबांच्या आवाजावर मी स्वतःच्या आवाजात म्हणालो, "माताभगिनींनो, खास तुमच्यासाठी..."

बाबांची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर कॅसेट आली.

कॅसेट कॉलनीत पोचली आणि चार दिवसांत उत्तम बाबांना घेऊन स्टुडिओत आला. मागं कॉलनीतली आणखी दहा-बारा माणसं, जिन्यापर्यंत. बाबांच्या गळ्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला होता. उत्तमनं कॅसेट लावली.

ढोलकीची थाप पडली की बाबांचा आवाज खाली बसायचा, थाप सरली की उसळायचा. पुन्हा थाप, पुन्हा खाली. ढोलकी जणू म्हाताऱ्याच्या डोक्यात पडत होती. आणि शेवटची ती ओळ आली. सगळं थांबलं, दाबून ठेवलेला आवाज पेटीनं सोडला, आणि श्वासात म्हटलेली ओळ पहिल्या आरोळीएवढी मोठी होऊन खोलीभर आदळली. टेपची खरखर, बाबांचा घरघरणारा श्वास, सगळं तिच्याबरोबर मोठं झालं.

दौलतबाबा उठले आणि त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला. लेकराचं तोंड दाबावं तसा.

ताईंनी कॅसेट बंद केली. त्यांचा चेहरा मी बघितला नाही. त्या उत्तमला म्हणाल्या, "ही माझी नक्कल नाही. काळजी करू नका, मूळ रीळ आहे. आत्ता नवीन काढून देते." त्या फळीकडं वळल्या. वरच्या फळीवरचं खोकं उघडलं तर ते रिकामं होतं.

"वसंतराव, रीळ कुठं आहे?"

मशीनवर होतं. साडीवाल्याला जाहिरात पुन्हा हवी होती, म्हणून मीच सकाळी चढवलं होतं. त्यांनी ते सुरू केलं. माझा आवाज आला. माताभगिनींनो.

जिन्यातल्या माणसांत गलका झाला. उत्तम ओरडला, "कुणी पुसलं हे? शेठ, कुणी पुसलं?"

मला खरं बोलायला फार वेळ लागला नसता. पण इतकी माणसं जिन्यात उभी होती, आणि मी म्हणालो, "ताईंनीच खालच्या फळीवर ठेवलं होतं. खालचं रीळ पुसायचं अशी इथली पद्धत आहे. आणि पेटीचं म्हणाल तर, पेटी त्याच चालवतात."

जिन्यातून एक बाई म्हणाली, "आपल्याच माणसानं केलं गं बाई, दुसऱ्याला काय बोलायचं?"

ताई सरळ उभ्या होत्या. त्या रडतील असं मला वाटलं होतं. मग ओरडतील असं वाटलं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"मी ते वर ठेवलं होतं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "माझ्या हातून पुसलं गेलं असतं तर मी आत्ता इथं सांगितलं असतं. ज्यानं पुसलं त्याला माहीत आहे. त्याचं नाव मी घेणार नाही. ते त्यानं घ्यायचं आहे."

आणि त्यांनी पेटीच्या वायरी काढायला सुरुवात केली. पेटी गरम होती. पदराचे दोन वेढे हाताला घेऊन त्यांनी एक मूठ धरली. दुसऱ्या बाजूला कुणीच पुढं आलं नाही, मीही नाही. तेव्हा दौलतबाबा पुढं झाले. त्यांनी टोपी काढून ती मुठीवर ठेवली आणि तिच्यावरून मूठ धरली. उत्तम म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला?" बाबांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. दोघांनी पेटी तिरकी करून, एकेक पायरी टेकवत, जिन्यातल्या माणसांमधून खाली नेली. माणसांना बाजूला व्हावं लागलं.

खालच्या गिरणीवाल्यानं मला नंतर विचारलं, "बाई गेल्या का?" मी म्हणालो, "सोडून गेल्या." तेव्हापासून मी हेच सांगत आलो. सोडून गेल्या.

त्या कुठंही गेल्या नाहीत. कॉलनी सोडली असती तर लोकांना बरं वाटलं असतं. त्यांनी आईच्या घराच्या ओसरीला पार्टिशन घातलं, पेटी तिथं मांडली आणि बाहेर पाटी लावली, "रेकॉर्डिंग होईल". सुरुवातीला कुणी येईना. त्या रोज पेटी तापवून ओसरीवर बसायच्या. कुणी काम का मिळत नाही असं विचारलं तर म्हणायच्या, "पेटी तापली आहे. गाणारे तापले की येतील." पुढच्या जयंतीला त्यांनी न बोलावता मांडवात माइक नेऊन लावले. एक पोरगेला गायक सगळ्यांसमोर म्हणाला, "काय ताई, आमचं पण पुसणार का?"

"तुझं पुसायला आधी ते ठेवण्यासारखं तरी गा," ताई म्हणाल्या. मांडव हसला. तो पोरगा पुढं त्यांच्याकडंच गाणी भरायला लागला, असं मी ऐकलं.

हळूहळू कळवणकडचे, पेठकडचे, नांदगावकडचे गाणारे त्या ओसरीवर येऊ लागले. तरी "त्या बाईनं दौलतबाबांचा आवाज पुसला" हे वाक्य कॉलनीत राहिलंच. ताईंखेरीज ते खोटं आहे असं सांगू शकणारे दोघं होते. एकाचा आवाज गेला होता. दुसरा मी.

कंपनीनं मला पुढची कामं दिली. ती काही चांगली झाली नाहीत. लोक ज्या कॅसेटींबद्दल आजही बोलतात, त्या सगळ्या ताई माझ्याकडं असतानाच्या आहेत. हवं तर वर्षं ताडून बघा.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते दौलतबाबा वारल्यानंतर. बातमी कळली तेव्हा मला वाटलं, आता तरी. मी सरळ कॉलनीत गेलो. रविवारची सकाळ होती. विहाराच्या अंगणात सतरंजीवर दहा-पंधरा बायका बसल्या होत्या, बाबांचीच गाणी म्हणत होत्या. त्यांना ती ऐकून पाठ होती. ताई बाजूला एका टेबलाशी होत्या, कानांवर हेडफोन, समोर ती पेटी. केस बरेच पिकले होते. बाबांचा आवाज परत येणार नव्हता, म्हणून त्या निदान गाणी तरी गोळा करत होत्या. गाणं संपेपर्यंत मी कडेला उभा राहिलो. बायका वळून माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांतल्या काहींनी मला ओळखलं.

मी टेबलाजवळ गेलो. "ताई, जरा बाजूला येता? बोलायचं होतं."

त्यांनी एक कान मोकळा केला. "बोला."

"इथं नको. सगळ्यांत."

"त्या दिवशी सगळ्यांतच बोललात." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एक हात बटणावर ठेवून त्या म्हणाल्या, "माइक उघडा आहे, टेप चालू आहे. बोला तुम्ही. मी एक अक्षरही दाबणार नाही."

 टेपची चाकं फिरत होती. पेटीचे दोन्ही काटे सरळ उभे होते.

मी म्हणालो, "काही नाही. बाबा गेल्याचं कळलं, म्हणून सहज आलो होतो."

दोन्ही काटे किंचित झुकले आणि पुन्हा उभे राहिले. ताईंनी काट्यांकडं बघितलं. मग हेडफोन कानावर ओढला आणि बायकांना म्हणाल्या, "हं, पुढचं घ्या."

मी अंगणातून बाहेर पडलो. मला एवढंच म्हणायचं होतं: रीळ तुम्ही वरच ठेवलं होतं, ताई. मी काढलं. मी पुसलं. मला माफ करा.